सहा फूट चार इंच

आमच्या बसच्या वर्कशॉपमध्ये सुट्या भागांचं स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे शिडी म्हणतात. त्याचं खरं नाव हजेरीपटावर आहे, आणि हजेरीपट माझ्याकडे असतो म्हणून मला ते ठाऊक आहे. बाकी कुणाला विचारलंत तर जरा डोकं खाजवावं लागेल. उंची सहा फूट चार इंच. रॅकच्या सगळ्यात वरच्या फळीवरचा ऑइल फिल्टर तो टाचासुद्धा न उचलता काढतो.

पण रस्त्यात पाहिलंत तर तो एवढा उंच वाटायचा नाही. मान पुढे, खांदे आत, पाठीला बाक. शाळेत मागच्या बाकावर, फोटोत मागच्या रांगेत, कार्यक्रमात खांबाच्या आड, म्हणजे कुणाच्या डोळ्यांपुढे आपण यायला नको, अशी लहानपणापासून लागलेली सवय. बोलणंही तसंच, मोजकं. स्टोअरच्या खिडकीत वाकून तो चिठ्ठी घ्यायचा, वस्तू द्यायचा, आणि दिल्याबद्दल स्वतःच "माफ करा हं, जरा वेळ लागला" असं म्हणायचा.

उंच माणसाला लोक एक प्रश्न हमखास विचारतात. शिडी नोकरीला लागला त्या पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिघांनी विचारून झालं होतं. चौथे आमचे आत्ताचे फोरमन. तेव्हा ते साधे फिटर होते. त्यांनी हातातला पाना पुसत विचारलं, "काय हो, बास्केटबॉल खेळता की काय?" शिडी कंटाळला होता. विषय मिटावा म्हणून तो म्हणाला, "खेळायचो पूर्वी."

विषय मिटला नाही, वाढला. दोन वर्षांत शिडी कॉलेजच्या टीममध्ये होता असं झालं. पाच वर्षांत तो जिल्ह्याकडून खेळला होता. मग गुडघा दुखावला म्हणून त्याने खेळ सोडला, अशीही भर कुणीतरी घातली. शिडीने स्वतःहून एक शब्द जोडला नाही, पण एक शब्द खोडलाही नाही. एकोणीस वर्षं हे असं चाललं. खरं म्हणजे त्या माणसाने बास्केटबॉल हातात कधी धरलासुद्धा नव्हता.

या वर्षी आमच्याकडे नवे मॅनेजर आले. त्यांना खेळाचं वेड. वर्कशॉपच्या मागे जुन्या टायरांचा डोंगर होता, तो त्यांनी हलवला, खाली सिमेंट घातलं, दोन्ही टोकांना खांब रोवून फळी आणि रिंग लावली. मग नोटीस निघाली की तीन आठवड्यांनी रविवारी बास्केटबॉलचे सामने होतील. चार संघ, पाच-पाच माणसं, दहा-दहा मिनिटांचे दोन डाव. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'हसतखेळत घ्यावे, कुणी मनावर घेऊ नये.'

फोरमननी ते त्याच मिनिटाला मनावर घेतलं. माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "लिही यादी. पहिलं नाव शिडी. कप आपलाच समज."

मी लिहिलं. ज्याचं नाव लिहितोय त्याला विचारावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. नोटीस बोर्डावर यादी लागली तेव्हा शिडी तिच्यासमोर बराच वेळ उभा होता. त्या दुपारी त्याने एअर फिल्टरच्या चिठ्ठीवर फॅन बेल्ट दिला आणि फॅन बेल्टच्या चिठ्ठीवर ब्रेक लायनर. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

पुढचं मला त्यानेच नंतर सांगितलं.

संध्याकाळी घरी गेला तेव्हा त्याची बायको शिलाई मशीनवर पडद्याला दुमड घालत होती. ती घरीच शिवणकाम करते. तो बूट न काढताच खुर्चीत बसला. तिने मशीन थांबवलं.

"काय झालं? तोंड का उतरलंय?"

"मला बास्केटबॉल खेळायला लावतायत."

"तुम्हाला?" तिला हसू आलं, पण त्याच्याकडे बघून तिने ते गिळलं. "मग सांगून टाका ना, येत नाही म्हणून."

"एकोणीस वर्षांनी? सगळ्यांसमोर?"

ती थोडा वेळ सुईत दोरा ओवत बसली. मग म्हणाली, "हे पडदे खालच्या बाईंचे आहेत. उद्या सकाळी तुम्हीच नेऊन द्या. आणि जाल तेव्हा त्यांच्या कपाटावर काय ठेवलंय ते बघून या."

तळमजल्यावरच्या बाई अडुसष्ट वर्षांच्या. पाच फूटही नसतील. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, हातात काठी. कपाटावर मुलींच्या संघांचे ओळीने फोटो होते, आणि प्रत्येक फोटोच्या टोकाला तोंडात शिट्टी घेतलेल्या बाई. शिडी पडदे हातात धरून ते फोटो बघत राहिला. मग एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. फक्त विचारलं, "किती दिवस आहेत?"

"वीस."

"वीस दिवसांत खेळाडू होत नाही. पण मैदानात उभं कसं राहायचं ते शिकवीन. उद्या सहाला मागच्या अंगणात. आणि ते बूट नको, रबरी तळव्याचे घाल."

शिडीला वाटलं होतं की बाई पहिल्या दिवशी चेंडू टाकायला शिकवतील. बाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाल्या, "उभा राहा."

"उभाच आहे, बाई."

"हे उभं राहणं नाही, हे माफी मागणं आहे. पाय खांद्याइतके फाकव. गुडघे वाकव. गुडघे म्हटलं, पाठ नाही! पाठ सरळ. आता हात वर. अजून वर. काय रे, छताला लागतील अशी भीती वाटते का? इथे छत नाही. वर आभाळ आहे."

दोन्ही हात पूर्ण वर करून, बोटं पसरून, तो पाण्याच्या टाकीशेजारी उभा राहिला. दोन मिनिटांत दंड भरून आले. चाळिशी उलटल्यावर आपण एवढे उंच आहोत हे त्याला प्रथमच जाणवलं, असं तो म्हणाला. तळमजल्याच्या खिडकीची वरची चौकट डोळ्यांसमोर आली होती. त्याला फार लाजल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी चेंडू मिळाला. बाईंचाच जुना, घासून गुळगुळीत झालेला. "तळहात लावायचा नाही. बोटांनी दाब, बोटांनीच परत घे. आणि चेंडूकडे बघू नकोस." न बघता टप्पा दिला की चेंडू त्याच्या बुटावर आपटून स्कूटरखाली जायचा. प्रत्येक वेळी तो चेंडूच्या मागे धावायचा आणि परत येताना म्हणायचा, "माफ करा."

"कुणाची माफी मागतोयस? चेंडूची की स्कूटरची?"

सगळ्यात अवघड गेले ते पाय. हातात चेंडू धरल्यावर चालायचं नाही, हा नियम त्याच्या डोक्यात शिरायचा, पायांत उतरत नव्हता. शेवटी बाईंनी काठीने खूण करून जमिनीवर दाखवलं, त्याच्याच हाताने त्याच्या डाव्या पायाभोवती खडूचं रिंगण आखून घेतलं आणि म्हणाल्या, "हा पाय खुंट्याला बांधलाय असं समज. उजवा कुठेही फिरव, पुढे टाक, मागे टाक, गरगर फिर. खुंटा हलला की शिट्टी." त्या सकाळी अंगणात इतक्या शिट्ट्या वाजल्या की दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा कुकर बंद करायला स्वयंपाकघरात जाऊन आले.

अडवायला समोर कुणीतरी हवं होतं. बाईंचा गुडघा असा. मग शिडीची बायको खाली आली. गळ्यात माप घ्यायची टेप, पायात स्लिपर. बाईंनी तिला सांगितलं, "ती टाकी म्हणजे रिंग. याला तिथे जाऊ द्यायचं नाही." तिने ते शब्दशः घेतलं. तो डावीकडे गेला की ती डावीकडे. उजवीकडे गेला की कोपर पुढे. तो मध्येच थांबून चेंडू छातीशी धरून उभा राहायचा.

"अहो, या ना पुढे!"

"तुला लागेल."

"लागू दे. वीस वर्षांत पहिल्यांदा भांडायची संधी मिळतेय, ती तरी घ्या."

तो पुढे गेला. खांदा तिच्या खांद्याला लागला, ती दोन पावलं मागे सरकली आणि हसत सुटली. बाईंनी शिट्टी वाजवली नाही.

असे अकरा दिवस गेले. वर्कशॉपमध्ये मात्र तो सरावाला येत नव्हता. कधी स्टॉक मोजायचा असायचा, कधी पाठ धरलेली असायची. फोरमनना त्यात काही वावगं वाटलं नाही. "मुरलेला गडी आहे, त्याला काय सराव लागतो," असं म्हणायचे. एकदा मी शिडीला पिशवीतून काहीतरी गोल घेऊन जाताना पाहिलं. विचारलं तर म्हणाला, "कलिंगड." मी मान डोलावली. कलिंगडाला टप्पे पडतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पण सामन्याला आठ दिवस उरले असताना, शनिवारी, फोरमननी त्याला स्टोअरमधून हाताला धरूनच बाहेर काढलं. अर्धं वर्कशॉप बघायला जमलं. वेल्डरने त्याच्याकडे चेंडू टाकला. शिडीने तो झेलला, इथवर ठीक. मग त्याने एवढी माणसं पाहिली, आणि अंगणातलं सगळं धुऊन गेलं. चेंडू काखेत धरून तो सरळ रिंगच्या दिशेने चालू लागला. एक, दोन, तीन... मी सात पावलं मोजली. रिंगखाली पोचून त्याने चेंडू वर फेकला. तो फळीच्याही मागे गेला.

कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं.

शिडी वळला. पाठ पुन्हा वाकलेली. म्हणाला, "मी कधीच खेळलेलो नाही. कॉलेजात नाही, जिल्ह्यात नाही, कुठेच नाही. तेव्हा सहज बोलून गेलो. नंतर सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं?" फोरमनचा आवाज चढला. "एकोणीस वर्षं राहून गेलं? मी मॅनेजरसाहेबांना सांगून बसलोय तुझ्याबद्दल!"

शिडीने चेंडू उचलून वेल्डरच्या हातात दिला आणि तो स्टोअरमध्ये निघून गेला. जाताना दाराशी वाकला. ते दार चांगलं आठ फुटांचं आहे.

सोमवारी फोरमन माझ्या टेबलाशी आले. "त्याचं नाव खोड. टायरवाल्याला घे." मी पेन उचललं. खिडकीतून स्टोअर दिसत होतं. शिडी कुणाला तरी क्लच प्लेट देत होता, नेहमीसारखाच वाकून. ते नाव मी लिहिलं होतं, न विचारता. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "यादी साहेबांकडे गेली. आता बदलता येणार नाही."

साहेबांची प्रत अजून माझ्या खणातच होती. फोरमन गेल्याबरोबर मी ती नेऊन दिली.

फोरमन दोन दिवस शिडीशी बोलले नाहीत. सामान हवं असलं की चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती पाठवायचे. बुधवारी संध्याकाळी सरावाच्या वेळी वर्कशॉपच्या फाटकातून एक ठेंगणी म्हातारी काठी टेकत आत आली. मागून खुर्ची घेऊन शिडीची बायको. शिडीला बहुधा यातलं काही माहीत नसावं, कारण तो स्टोअरच्या खिडकीतून बघतच राहिला.

बाईंनी कडेला खुर्ची टाकायला लावली, बसल्या, आणि दहा मिनिटं गप्प राहून सराव बघितला. वेल्डर चेंडूला थपडा मारत, मान खाली घालून पळत होता. क्रेनवाला चेंडू मिळाला की डोळे मिटून रिंगकडे भिरकावत होता. फोरमन सगळ्यांवर ओरडत होते. मग एक कर्कश शिट्टी वाजली. सगळे जागच्या जागी थिजले.

"तुमच्यात कप्तान कोण?"

"मी," फोरमन पुढे झाले. "आपण कोण?"

"मी याची बाई." त्यांनी काठीने स्टोअरकडे दाखवलं. "तुमच्यापैकी खेळ कुणालाच येत नाही. फरक एवढाच की याला ते ठाऊक आहे. तुम्हाला तेही ठाऊक नाही."

वर्कशॉपमध्ये फोरमनना असं बोलणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. बाईंनी त्यांना जवळ बोलावलं. "तुम्ही. तळहात दाखवा. चेंडूला हा लावता ना? म्हणून तो ऐकत नाही. बोटं लावा. आणि तू रे, स्टोअरवाल्या, बाहेर ये. यांना खुंटा दाखव."

शिडी आला. सगळ्यांच्या मध्ये उभा राहून त्याने डावा पाय रोवला आणि उजवा फिरवून दाखवला. आधी चाचरत, मग नीट. वेल्डरने करून पाहिलं तर तो तोल जाऊन पडला. क्रेनवाल्याला जमलं. फोरमननी तीनदा केलं, तिन्ही वेळा शिट्टी वाजली. चौथ्या वेळी ते शिडीकडे न बघता म्हणाले, "उजवा पाय किती टाकायचा?"

"फार लांब नको," शिडी म्हणाला. "फूटभर."

त्या आठवड्यात बाई गुरुवारी आणि शुक्रवारीही आल्या. प्रत्येकाला एकेकच काम वाटून दिलं. शिडीला सांगितलं, "तू टप्पे देत धावायचं नाहीस. रिंगखाली उभा राहा. हात वर. फळीवर आपटून आलेला चेंडू पकड, खुंटा कर, मोकळा माणूस बघ, त्याला दे. एवढंच."

रविवारी सकाळी नऊला सामने सुरू झाले. गुण लिहायला मी. पहिला सामना ऑफिसवाल्यांशी. पहिल्याच मिनिटाला शिडीच्या हाती चेंडू आला आणि त्याने दोन पावलं टाकली. शिट्टी. ऑफिसवाल्यांनी टाळ्या पिटल्या. मी फोरमनकडे बघितलं. त्यांनी स्वतःच्या डाव्या पायाकडे बोट केलं. शिडीने मान हलवली.

त्यानंतर त्याचा पाय हलला नाही. फळीवरून येणारा चेंडू दुसऱ्या कुणाच्या हाताला लागायच्या आतच तो घ्यायचा. घेतला की वळायचा, बघायचा, क्रेनवाल्याच्या छातीवर नेमका द्यायचा. एकदा ऑफिसच्या कॅशियरने मारलेला चेंडू त्याच्या वर धरलेल्या हातावर आपटून परत गेला, आणि त्याच्या तोंडून सवयीने निघालं, "माफ करा!" मैदानाबाहेरून त्याची बायको ओरडली, "अहो, माफी कसली मागता!" सगळे हसले. तोही हसला. आम्ही बारा-नऊ जिंकलो. बारापैकी शिडीचा एकही गुण नव्हता.

अंतिम सामना ड्रायव्हर-कंडक्टरांशी. त्यांच्यात दोघे खरोखरच खेळलेले होते, ते दिसतच होतं. दुसऱ्या डावात शिडीला धक्का बसला आणि कुणी न अडवता टाकायच्या दोन फेकी मिळाल्या. पहिला चेंडू रिंगलाही लागला नाही. दुसरा कडेला लागून बाहेर पडला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. खांदे आत जायला लागले. तेवढ्यात खुर्चीतून बाईंचा आवाज आला, "हात!" एवढंच. त्याने हात वर केले.

आम्ही चौदा-तेवीस मागे होतो, वेळ संपत आली होती. वेल्डरने लांबून मारलेला चेंडू रिंगवर दोनदा उडून बाहेर आला. शिडीने तो वरच्या वर घेतला. खुंटा केला. मोकळा माणूस शोधला. फोरमन मोकळे होते, त्यांनी हातही पुढे केले होते. पण त्यांनीच ओरडून सांगितलं, "टाक! तूच टाक!"

रिंग त्याच्या डोक्यापासून जेमतेम चार फुटांवर. त्याने चेंडू फळीवर अलगद टेकवला, रॅकवर खोकं सरकवावं तसा. चेंडू जाळीतून खाली आला आणि त्याच्याच पायाशी पडला.

मी सोळा लिहिले. आकडा वाकडा आला. सामना आम्ही सोळा-तेवीस हरलो. त्या दोन गुणांनी काही फरक पडला नाही, हे आमच्या लोकांना बहुतेक कळलंच नाही, कारण ते शिडीला उचलायचा प्रयत्न करत होते. ते काही जमलं नाही.

कप ड्रायव्हरांनी नेला. चहा पिताना मॅनेजरसाहेब शिडीजवळ आले आणि म्हणाले, "ऐकलं होतं की तुम्ही पूर्वी खेळायचात." फोरमन शेजारीच होते. शिडीने चहाचा कप खाली ठेवला. "नाही साहेब. तीन आठवडे झाले फक्त." साहेब म्हणाले, "मग तीन आठवड्यांच्या मानाने चांगलं उभं राहता." शिडीने साहेबांपुढे बिस्किटाची बशी केली.

मी त्याला यादीचं सांगितलं ते त्यानंतर महिनाभराने. नाव कसं लिहिलं, आणि खोडायला सांगितल्यावर खोटं काय बोललो, दोन्ही. त्याने रॅकवरचं एक खोकं सरळ केलं. मग म्हणाला, "विचारलं असतंस तर मी नाहीच म्हणालो असतो." राग होता की आभार, ते मला त्याच्या आवाजावरून समजलं नाही. मी विचारलंही नाही.

आता रविवारी सकाळी बाईंच्या अंगणात सहा-सात जण जमतो. टाकीच्या वर क्रेनवाल्याने रिंग बसवून दिली आहे, वेल्डरने वेल्डिंग करून ती पक्की केली आहे. मला अजून टप्पा धड येत नाही. फोरमनचा खुंटा अजून हलतो आणि ते अजून शिट्टीशी वाद घालतात. लांबून टाकण्यात आमच्यात सगळ्यात पुढे आहे शिडीची बायको. दहापैकी सहा तरी घालते. पुढच्या महिन्यात बाईंच्या दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. तेवढे दिवस सराव कोण घेणार, असं आम्ही विचारलं, तर त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून शिडीच्या बायकोच्या हातात दिली. तिने लगेच ती तोंडात धरली आणि पहिली शिट्टी आपल्या नवऱ्यावर वाजवली. पाय हलला होता, हे तोही नाकारत नव्हता.